मामा, पंप आणि सुमीची झोप

मामा, तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत घरात जो आला त्याने तुमच्या बोटींबद्दल विचारलं. कुठल्या बोटीवर होते, कुठली बंदरं बघितली, लढाईच्या दिवसांत कुठे होते. मी सगळ्यांना चहा दिला आणि उत्तरं तुमच्या मुलावर सोपवली. मला त्यातलं काही ठाऊक नाही. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा तुम्ही समुद्र सोडून पडवीतल्या खाटेवर येऊन बसला होतात. वीस वर्षं बोटीच्या इंजिनाला तेल घालता घालता तुमचे दोन्ही कान गेले होते. मला ठाऊक आहेत ते जमिनीवरचे मामा. त्यांच्याशीच मला बोलायचं आहे.

खरं सांगायचं तर पहिली दहा वर्षं आपण दोघं एकमेकांशी बोललोच नाही. मी फोंडाघाटच्या दुकानदाराची मुलगी, मला तुमच्या बोटीतलं काही कळायचं नाही आणि तुम्हाला माझं ऐकू यायचं नाही. सासूबाई होत्या तोवर त्या मधे होत्या. त्या गेल्या, हे मुंबईला गिरणीत, आणि घरात उरलो तुम्ही, मी आणि सुमी. ताट वाढलं की मी येऊन तुमच्यासमोर उभी राहायची, तुम्ही उठायचात. एवढंच. मला वाटायचं, तुम्हाला माणसांचा कंटाळा आहे. तुम्हाला माझ्याबद्दल काय वाटायचं ते तुम्ही पुढे एकदा सांगितलंत: "माका वाटला, तू भितंस माका." खरं होतं ते.

मग सुमी आजारी पडली. नऊ वर्षांची होती. आधी घसा धरला, मग गुडघे सुजले, मग घोटे. एका सकाळी डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. मला पडवीत बोलावून ते म्हणाले, "ताप सांध्यांवरून हृदयावर गेलाय. इंजेक्शनं मी देईन, पण खरं औषध म्हणजे पडून राहणं. निदान चार महिने. जेवणसुद्धा बिछान्यात. आणि दुपारची झोप झालीच पाहिजे. नाडी खाली आली तरच पोर वाचेल."

नऊ वर्षांच्या मुलीला चार महिने पडून कसं ठेवायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. मी चुलीकडे वळले की ती उठून खिडकीशी. विहिरीवर गेले की ती माझ्यामागून दारापुढच्या खळ्यात. एकदा तिथेच चक्कर येऊन पडली. मी ह्यांना पत्र लिहिलं, आणि पंधरा दिवसांनी हे बोटीने आले ते गवतात गुंडाळलेली दोन हात लांबीची काचेची पेटी घेऊन. पाण्याच्या डब्यात आठ मासे, आणि एका खोक्यात हवा सोडायचा विजेचा पंप. बंदराबाहेर उभ्या असलेल्या बोटीतून ते सगळं होडीत उतरवताना खलाशी ह्यांना म्हणाला होता, "मालवणात मासे घेवन येणारो तुमीच पयले!" शेजारच्या बायका बघायला आल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. मासे, आणि नुसते बघायला!

पण सुमी पडून राहिली, मामा. कुशीवर वळायची आणि तासन्‌तास बघत राहायची. चार केशरी, दोन काळे, दोन पट्ट्यापट्ट्यांचे. तिसऱ्या दिवशी आठांना नावं होती. डॉक्टर म्हणाले, माझ्या औषधापेक्षा हे बरं. हे आठ दिवसांनी मुंबईला परत गेले, निश्चिंत होऊन.

हे गेले आणि आवाज उरला. तुम्हाला तो कधी ऐकू आला नाही, म्हणून सांगते कसा होता. तिच्या खोलीची एक भिंत फळ्यांची. ह्यांनी पंप तिथेच एका मांडणीवर ठेवला होता. तो दिवसरात्र घुमायचा, डबड्यात भुंगा कोंडावा तसा. शिवाय पेटीच्या कडेला वाळू-कोळशाचा गाळणीचा डबा अडकवलेला. एका वाकड्या नळीने पाणी पेटीतून त्यात जायचं आणि दुसऱ्या नळीने परत पेटीत पडायचं. गुळुक, गुळुक, मग टप. पुन्हा गुळुक. दुपारी सुमी डोळे मिटून पडायची पण ओठ हलत असायचे. "काय गो पुटपुटतंस?" म्हटलं, तर म्हणाली, "गुळुक मोजतंय."

मी दुपारी पंप बंद करून बघितला. अर्ध्या तासात मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. तिसऱ्या दिवशी एक काळा मासा उलटा होऊन तरंगताना सुमीनेच बघितला. ती इतकी रडली की ओठ निळसर झाले. डॉक्टरांनी नाडी धरली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ही पेटी इथून हलवा."

"पेटी हलवली तर ती उठून फिरेल, डॉक्टर."

"आणि नाही हलवली तर झोपणार नाही. यातलं काय ते तुम्ही ठरवा."

ते गेले. मी पडवीच्या पायरीवर बसून राहिले. तुम्ही खाटेवरून मला बघत होतात हे मला कळलंच नाही. मग तुमचा आवाज आला. "काय झाला गो बाय?"

दहा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला काही विचारलं होतंत. ओरडले असते तर आत ऐकू गेलं असतं. सुमीची पाटी आणली आणि लिहिलं: पंप वाजता. सुमीक झोप नाय.

तुम्ही पाटी वाचलीत, उठलात, आत आलात, आणि पंपाखालच्या मांडणीवर तळहात ठेवून डोळे मिटलेत. मला वाटलं, बघण्यासारखं तुम्हाला काही दिसलं नाही. तुम्ही म्हणालात, "लाटणा दी."

"काय?"

"लाटणा, लाटणा! पोळ्यांचा."

मी आणून दिलं. तुम्ही त्याचं एक टोक पंपावर टेकवलंत आणि दुसरं दातात धरलंत. सुमी बघत होती. तिला इतकं हसू आलं की मी घाबरून तिच्या छातीवर हात ठेवला. आजारी पडल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. तुम्ही लाटण्याचं टोक फळ्यांवर फिरवलंत, मग पेटीवर, मग डब्यावर. मग लाटणं पुसून मला परत दिलंत.

"पंप बरो आसा," तुम्ही म्हणालात. "वरडता ती भिंत. ह्या फळ्यांचो ढोल झालो हा. इंजिनात आमी असाच आयकत होतो. कान कोणाक होते थंय?"

पुढचे चार दिवस मी तुमच्या हाताखाली काम केलं. मला ते दिवस अजून एकेक करून आठवतात. पहिल्या दिवशी तुम्ही पंप मांडणीवरून काढलात. त्याचं पत्र्याचं झाकण सैल होतं, ते थरथरायचं. जुन्या वहाणेचं चामडं कापून झाकणाखाली बसवलंत आणि स्क्रू आवळलात. दुसऱ्या दिवशी कुणाकडून तरी फाटकी सायकलची ट्यूब आणलीत, तिच्या पट्ट्या कापल्यात आणि पंप वाशाला टांगलात, कुठल्याच लाकडाला टेकणार नाही असा. "हादरो रबरान खाल्लो, मगे भिंतीक काय मेळताला?" हवेची नळी जिथे काचेला घासत होती तिथे सुमीच्या जुन्या झबल्याची चिंधी गुंडाळलीत. तिसरा दिवस पाण्याचा. परत पडणाऱ्या नळीला रबरी नळीचा तुकडा जोडून तिचं तोंड पाण्याखाली नेलंत. मी विचारलं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, "पाणी पाण्यात उतराक व्हया. पाण्यार पडूक नाय." टपटप त्या क्षणी थांबली. गुळुक कशाने होतं तेही शोधलंत: पेटीतलं पाणी उन्हाने कमी झालं की वाकडी नळी हवा ओढायची. तिचं तोंड खोल नेलंत, पेटीला बाहेरून एक दोरा बांधलात आणि मला म्हणालात, "ह्या दोऱ्याच्या खाली पाणी जावक देव नको. ह्या तुझा काम." रोज सकाळी विहिरीचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या घागरीतून हळू ओतून दोऱ्यापर्यंत आणायचं. मी एक दिवस चुकले नाही.

चौथ्या दिवशी तुम्ही सुमीला विचारलंत, "गेलो मा आवाज?"

तिने मान हलवली. गेला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मीही मान हलवली. तुम्ही गेलात ते सरळ फळ्यांच्या भिंतीशी, तळहात लावलात, थोडे थांबलात आणि आमच्याकडे न बघता म्हणालात, "दोगाय खोटा बोलतास."

खोटंच होतं. गुळगुळ गेली होती, टपटप गेली होती, भिंतीचं घुमणं निम्म्याहून अधिक कमी झालं होतं. पण पंपाचा स्वतःचा असा एक बारीक सूर होताच, आणि दिवसरात्र पडून असलेल्या मुलीच्या कानाला तो पुरेसा होता. मला वाटलं होतं, एवढं केलंत हेच पुष्कळ, आता तुम्हाला नाही कशाला म्हणायचं. तुम्हाला मात्र अर्धं काम हे काम वाटतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही जांभ्या चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीशी बसलात. हातात लोखंडी सळई. पंप पडवीत न्यायचा आणि नळी भिंतीतून आत सोडायची, असं ठरवलं होतंत. मी हातोडी आणून दिली तर ठोक्यांनी सुमी दचकेल म्हणून मागे सारलीत. "चेडू पडलासा आत." चिरा मऊ असतो हे खरं, पण हातभर जाड भिंत होती ती. तुम्ही ती सळई तळहातांमध्ये धरून ताक घुसळावं तशी फिरवत राहिलात. तांबडी माती थोडी थोडी गळत होती. जेवायला उठलात तेव्हा हाताला फोड होते, घास डाव्या हाताने घेतलात आणि मी काही बोलू नये म्हणून माझ्याकडे बघितलंही नाहीत. दिवे लागायच्या आधी सळईचं टोक सुमीच्या बिछान्यामागे बाहेर आलं. ती म्हणाली, "आजो इलो!" आणि मी तुमच्यापुढे येऊन ते ओरडून सांगितलं.

पंप पेटीपेक्षा उंच हवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीने उलटं येऊन पंपात शिरेल, हे तुम्ही मला समजावलंत. पडवी खोलीपेक्षा पायरीभर खाली. उंच फळी ठोकायला जागा एकच, तुमच्या खाटेच्या डोक्याशी असलेला लाकडी खांब. तिथे? मी म्हटलं.

"माका आयकाक येना नाय. माझ्या उशाशी वाजूंदे."

दुसऱ्या दुपारी सुमी झोपली. मी दाराशी बसून बघत होते. ओठ हलत नव्हते. काही वेळाने तोंड जरासं उघडलं, तेव्हा खात्री पटली. तुम्ही पडवीतून हाताने विचारलंत, काय? मी तळहात गालाला लावून मान कलती केली. तुम्ही भिंतीकडे तोंड करून आडवे झालात. माझ्याकडे पाठ का केलीत ते मला तेव्हाही कळलं होतं, मामा.

आता आपलं भांडण. ते संपलेलं नाही, म्हणून पुन्हा काढते. महिनाभराने मी तुमच्या खाटेवरची चादर बदलत होते. खांबाला हात टेकला आणि थांबले. खांब थरथरत होता. खाटेच्या लाकडात ती थरथर उतरली होती, उशीखालच्या फळीत तर हाताला मुंग्या येत होत्या. मला इतकी लाज वाटली! जो माणूस भिंतीला हात लावून खोटं ओळखतो त्याच्या डोक्याशी मी हे यंत्र बसवू दिलं होतं, आणि महिनाभर मजेत होते की मामांना काही त्रास नाही.

"मामा, ह्या तुमका जाणवता!" मी जवळजवळ किंचाळले.

"जाणवता तर."

"मगे निजतास कसे?"

तुम्ही मला समोर बसायला सांगितलंत. म्हणालात, "इंजिनात वीस वर्सा निजलंय मी. इंजिन चालू आसा तवर तेलवाल्याक झोप लागता. बंद पडला काय जाग येता. समुद्र सोडलंय तेव्हापासून माका धड झोप नव्हती. आता लागता."

मी विश्वास ठेवला नाही. मी तुमची खाट खांबापासून दोन विती सरकवली. संध्याकाळी ती पुन्हा खांबाला टेकलेली. मी पुन्हा सरकवली. असं किती दिवस चाललं? शेवटी तुम्ही खाटेचा पाय सुंभाने खांबाला बांधून टाकलात आणि मी हरले. पण पटलं नाही. मला वाटत होतं, तुम्ही माझ्या समाधानासाठी ही इंजिनाची कथा रचलीत.

श्रावणातल्या त्या दुपारी मात्र मी गोंधळले. वारा सुटला होता, कुठेतरी झाड तारेवर पडून वीज गेली. मला पत्ताच नव्हता, मी सुमीशेजारी डुलकी घेत होते. जाग आली तेव्हा पेटीत बुडबुडे येत होते आणि मासे खाली आपापले फिरत होते. सगळं ठीक. पण बुडबुडे एकसारखे नव्हते, थांबून थांबून येत होते. मी पडवीत आले. तुम्ही उकिडवे बसून हवेच्या नळीला सायकलचा पंप जोडला होता आणि हळूहळू, दमाने हवा सोडत होतात. सदरा भिजून पाठीला चिकटलेला.

"कधीपासून, मामा?"

"थांबलो तेव्हापासून." खांबाकडे बोट दाखवलंत. "मी निजललंय. थांबलो तसो उठलंय."

आत लोटीने पाणी ढवळलं असतं तर मासे जगले असते, पण सुमी उठली असती. म्हणून तुम्ही बाहेर बसून हे करत होतात, तास दीड तास, सत्तरीला टेकलेला माणूस. मी पंप तुमच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. मग आपण आळीपाळीने केलं, वीज येईपर्यंत. तुमची पाळी नसली की तुम्ही बोलत होतात. इंजिनाच्या खोलीतली गरमी, भट्टीत कोळसा टाकणाऱ्या आगवाल्यांची गाणी जी कुणालाच ऐकू यायची नाहीत, आणि सासूबाईंची पत्रं, जी दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटली म्हणून तुम्ही बोटीवर अक्षर शिकलात. मला पाटीवर लिहून तुमच्याशी बोलता आलं ते त्यांच्या पत्रांमुळे, हे मला त्या दिवशी कळलं. सुमी तीन तास झोपली. सातही मासे जगले.

त्या दिवशी मी निम्मी हरले. थरथरीने तुम्हाला झोप लागायची, हे असेल खरं. पण तुम्हाला ती कधीच नकोशी झाली नाही, यावर माझा अजून विश्वास नाही. सात वर्षं आपण यावर वाद घातला आणि तुम्ही दर वेळी हसून विषय मोडलात. आता उत्तर देणारं कुणी नाही, म्हणून मी जिंकले असं मात्र मी मानत नाही.

चार महिन्यांचे सहा झाले. मग एका सकाळी डॉक्टरांनी छातीची नळी काढून गळ्यात टाकली आणि सुमीला म्हणाले, "उठा, बाईसाहेब. दारापर्यंत चालून दाखवा." ती दारापर्यंत गेली नाही. तुमच्या खाटेपर्यंत गेली. आज ती सोळा वर्षांची आहे. यंदा आंगणेवाडीच्या जत्रेला मैत्रिणींबरोबर मसुऱ्यापासून चालत गेली, भराडीदेवीच्या रांगेत उभी राहिली आणि रात्रीच्या जेवणाला घरी आली. मी नको म्हणत होते, तुम्ही म्हणालात, "जावंदे. चलता ता बरा."

तुम्ही दुपारच्या झोपेत गेलात. लोक विचारतात, कसे होते शेवटी? तुमचा हात खांबाला होता असं सांगितलं तर त्यांना आवडेल. तसं नव्हतं. हात छातीवर होता, चेहरा नेहमीचा, आणि चहा निवला तरी तुम्ही उठला नाहीत, म्हणून मला कळलं. सुमी रडली आणि मग स्वतःच पाणी तापवायला लागली. खंबीर आहे पोर. ते तुमच्याकडून आलंय, ह्यांच्याकडून नाही. हे मी ह्यांच्यासमोर म्हणाले आणि ह्यांनी मान डोलावली.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी ह्यांनाही सांगितलेली नाही.

चौथ्या दिवशी तुम्ही आम्हाला खोटं बोलताना पकडलंत, त्या संध्याकाळी मी हात टेकले होते. धामापूरहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईच्या नवऱ्याला मी सांगून ठेवलं की तीन दिवसांनी सकाळी घागर घेऊन ये आणि हे मासे तिथल्या तळ्यात सोड. सुमीला सांगणार होते, बाबांनी मुंबईला परत मागवले. दुसऱ्या दिवशी तुम्ही भिंत पोखरत होतात तेव्हाही माझा बेत तोच होता. भिंतीला भोक पडेल, पण उपयोग होणार नाही, अशी माझी खात्री होती. तुमचे फोड दिसत होते आणि तरी मी त्या माणसाला नको असा निरोप धाडला नाही.

तो आला, बोलल्याप्रमाणे, सुमी दुपारी झोपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. तुम्ही खळ्यात उन्हात बसून हाताला तेल लावत होतात. मी त्याला दारातूनच हात जोडले, चहा पाजला आणि मोकळी घागर घेऊन परत पाठवला. तुम्ही विचारलंत, "कोण गो तो?"

मी मोठ्याने म्हटलं, "कोण नाय. वाट चुकलो."

तुम्ही त्याच्या घागरीकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि "बरा" म्हणालात. तुम्हाला कळलं होतं की नाही, हे विचारायचं धाडस मला सात वर्षांत झालं नाही. आज सांगून टाकते. तो मासे न्यायला आला होता, मामा. मी बोलावलं होतं.